पाम वाढत नाही, तेव्हा तो काय करत असतो?

नागपुरात अंगण असो की चौथ्या मजल्यावरची गॅलरी, बहुतेक घरांत हल्ली एखादा तरी पाम असतो, आणि पाम असतो तिथे त्याच्याविषयीची तक्रारही असते. धरमपेठेतल्या आमच्या शेजारच्या काकूंनी ती परवा नेमक्या शब्दांत सांगितली : "चार वर्षं झाली बघा, हा काही वाढूनच नाही राहिला." त्यांच्या चायनीज फॅन पामसोबत एकाच पावसाळ्यात लावलेला कडुनिंब आता गच्चीला टेकला आहे, आणि पाम मात्र कमरेएवढ्या उंचीवर हातपंख्यासारखी पाने पसरून बसला आहे. काकूंनी त्याला शेणखत घातले, मूठ मूठ युरिया घातला, खालची पिवळी पाने दर महिन्याला काढली आणि एकदा त्याची जागाही बदलली. या चारपैकी तीन गोष्टींनी पामची वाढ आणखी लांबली असणार, पण त्यात काकूंचा दोष नाही. कडुनिंब, जांभूळ, आंबा यांच्या संगोपनाचे नियम आपण नकळत पामला लावतो, आणि पामची शरीररचना त्या झाडांहून मुळातच वेगळी असते. ती रचना एकदा समजली, की निगेचे बहुतेक नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

पाम कशाला म्हणायचे

पाम हे एका झाडाचे नाव नाही. अडीच हजारांच्या आसपास जाती असलेले ते एक कुळ आहे. नारळ, सुपारी, ताड, शिंदी, खजूर, भेरली माड ही सगळी त्या कुळातली झाडे आहेत, आणि ज्याच्या खुर्च्या विणतात तो वेतही याच कुळातला आहे. गवत, ऊस आणि बांबू यांच्याप्रमाणे पाम एकदल वनस्पती आहे, म्हणजे त्याच्या बीमध्ये डाळीसारखे दोन भाग नसतात, एकच बीजपत्र असते. पुढच्या सगळ्या गोष्टी या एका फरकातून निघतात.

रोपवाटिकेत पाम म्हणून मिळणारे प्रत्येक रोप मात्र पाम नसते. सागो पाम म्हणजे सायकस, आणि तो फुले येणाऱ्या वनस्पतींमध्येही मोडत नाही. पंख्यासारखा पसरणारा ट्रॅव्हलर्स पाम हा पाम नसून केळीच्या नात्यातला आहे. आपल्याकडे बंगल्यांच्या फाटकापाशी दिसणाऱ्या, गुळगुळीत करड्या खोडाच्या उंच झाडाला सर्रास बॉटल पाम म्हणतात, पण तो बहुधा क्यूबाकडचा रॉयल पाम असतो आणि तो बऱ्यापैकी भराभर वाढतो. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड या लहानशा बेटावरचा आहे, बुटका आहे आणि अत्यंत संथ आहे. म्हणून आपला पाम सावकाश का वाढतो हे विचारण्याआधी तो कोणता आहे हे विचारावे.

आधी जाडी, मग उंची

कडुनिंबाच्या सालीखाली पेशींचा एक पातळ थर असतो. तो दरवर्षी आतल्या बाजूला नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल तयार करतो. या थराला कँबियम म्हणतात. कडुनिंबाचे रोप बोटाएवढ्या जाडीचे असतानाच सरळ वर झेपावू शकते, कारण उंची आधी आणि जाडी मागाहून, अशी सोय त्याला कँबियममुळे मिळालेली असते.

पामला कँबियम नसते. एकदा खोड वर निघाले, की त्याला वर्षागणिक नव्या लाकडाचा थर चढत नाही. काही जातींमध्ये जुन्या पेशी फुगून खोड थोडे रुंदावते, इतकेच. त्यामुळे पुढे पन्नास वर्षे जे वजन पेलायचे आहे, त्याला पुरेल एवढी जाडी उंच होण्याआधीच तयार करून ठेवावी लागते. घर बांधताना ज्याला नंतर पाया रुंद करता येणार नाही हे ठाऊक असते, तो माणूस पहिली वीट रचण्याआधी वर किती मजले चढवायचे आहेत याचा हिशेब करतो आणि त्या हिशेबाने जमिनीखाली काम करत राहतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या काळात रिकामा प्लॉटच दिसतो. पामच्या आयुष्यातली पहिली काही वर्षे अशीच असतात. प्रत्येक नवे पान आधीच्या पानापेक्षा किंचित मोठे निघते, त्या पानाचा तळ किंचित रुंद असतो, आणि जमिनीलगत किंवा जमिनीखाली एक उलटा शंकू रुंदावत जातो. तो त्या जातीच्या पूर्ण जाडीला पोहोचला, की मगच खोड वर सरकू लागते. काकूंचा पाम चार वर्षे हेच करत होता.

ताडाचे उदाहरण याहून बोलके आहे. उन्हाळ्यात आपण ज्याचे ताडगोळे खातो त्या ताडाचे बी जमिनीवर पडले, की त्यातून निघणारा अंकुर वर न येता जाड नळीसारखा खाली घुसतो आणि पुढचे रोप त्या खोलीवर तयार होते. वर एखादे अरुंद पान दिसते, पुढच्या वर्षी आणखी एक दिसते. सिरोंचाच्या बाजूला शेतांच्या बांधांवर जे ताड उभे आहेत, त्यांची सुरुवातीची वर्षे अशीच जमिनीच्या पोटात गेलेली आहेत. पहिला फुलोरा यायला साधारण बारा ते वीस वर्षे लागतात, आणि झाड नर आहे की मादी हे तोपर्यंत कळत नाही.

पामचे खोड आतून कसे असते, हेही इथेच पाहू. तोडलेल्या कडुनिंबात वर्तुळे दिसतात, तर तोडलेल्या ताडात ठिपके दिसतात. मऊ गरात अन्नपाणी वाहणाऱ्या चिवट धाग्यांच्या हजारो जुड्या विखुरलेल्या असतात, स्लॅबमध्ये सळ्या असाव्यात तशा, आणि त्या बाहेरच्या कडेला अधिक दाट असतात. वादळात नारळ कमानीसारखा वाकतो आणि परत उभा राहतो तो यामुळे. या रचनेची एक बाजू मला विशेष थक्क करते. कडुनिंब दरवर्षी नव्या नळ्या बनवतो आणि जुन्या सोडून देतो, पण पाममध्ये नव्या नळ्या जुन्या खोडात घालताच येत नाहीत, म्हणून शंभर वर्षांच्या ताडाच्या बुंध्यातल्या अन्न वाहून नेणाऱ्या पेशी शंभर वर्षांपूर्वीच्याच असतात आणि त्या अजून जिवंत असतात, काम करत असतात.

याच कारणाने पामला झालेली जखम भरत नाही. कडुनिंबात ठोकलेला खिळा काही वर्षांत साल गिळून टाकते, तर पाममध्ये ठोकलेल्या खिळ्याचे भोक झाड असेपर्यंत राहते. दिवाळीच्या माळा किंवा दुकानाची पाटी लावायला पामच्या खोडात खिळे ठोकू नयेत. माळ गुंडाळायचीच असेल तर सैल गुंडाळावी आणि सण झाला की काढून घ्यावी.

सगळा जीव एका कोंबात

आंब्याची फांदी तोडली तर खालचे डोळे फुटतात. एकखोडी पामच्या खोडावर असे राखीव डोळे नसतात. शेंड्याशी, पानांच्या तळांनी घट्ट वेढलेला, कोबीच्या गाभ्यासारखा एकच वाढीचा कोंब असतो आणि प्रत्येक पान, प्रत्येक फुलोरा तिथूनच निघतो. तो कुजला, किडीने खाल्ला किंवा "झाड पसरेल" म्हणून कुणी छाटला, तर ते खोड मेले. वरची पाने आणखी काही महिने हिरवी राहतात, म्हणून हा मृत्यू लवकर लक्षात येत नाही इतकेच. रॅफिस किंवा अरेकासारख्या बेटाने वाढणाऱ्या पामांना बुडातून नवे फुटवे येतात, त्यामुळे त्यांचे एक खोड गेले तरी बेट जगते.

कोंबात पान तयार होण्याचा वेगही समजून घ्यायला हवा. नारळ हा पामांमध्ये चपळ समजला जातो आणि त्याला वर्षाला साधारण बारा ते चौदा पाने येतात. पण आज मिटलेल्या तलवारीसारखे वर आलेले नारळाचे पान कोंबात सुरू झाले ते अडीच-तीन वर्षांपूर्वी. यावर्षीच्या मे महिन्यात झाडाला पाणी कमी पडले, तर त्याची खूण पुढच्या कित्येक महिन्यांत उमलणाऱ्या पानांवर उतरू शकते. उलट आज सुरू केलेल्या नीट देखभालीचे फळही दिवाळीपर्यंत दिसेलच असे नाही. पंधरा दिवसांत परिणाम दिसला नाही म्हणून उपाय बदलत राहणे, हे मी पाहिलेल्या बिघडलेल्या पामांमागचे सगळ्यात मोठे कारण आहे.

सावकाश म्हणजे किती सावकाश, याला टोकाचे उदाहरण हावड्याच्या आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यानातले आहे. सेशेल्स बेटांवरचा दुहेरी नारळ, ज्याचे बी वनस्पतिसृष्टीतले सर्वांत मोठे असते, तिथे १८९४ मध्ये लावला गेला आणि त्याला पहिली फुले आली ती १९८८ मध्ये. आपल्या घरातले पाम इतके धीमे नाहीत. सावलीत ठेवायचा रॅफिस वर्षाला वीतभर उंच झाला तरी पुष्कळ, आणि चायनीज फॅन पामला खोड दिसू लागायलाच काही वर्षे लागतात. मादागास्करचा रुपेरी निळसर बिस्मार्किया पहिली काही वर्षे जागचा हलत नाही आणि खोड निघाल्यावर मात्र वेग घेतो. आपली शिंदी कुणी मुद्दाम लावत नाही, पण ओढ्याकाठी, पडीक रानात ती आपली आपण सावकाश मोठी होते. तिच्या पानांचा फडा, म्हणजे केरसुणी, लक्ष्मीपूजनाला आपण पुजतो. नागपूरच्या अंगणात संथ पाम लावायचा तर माझी पहिली पसंती शिंदीलाच आहे, कारण या मातीशी आणि या उन्हाशी तिला जुळवून घ्यावे लागत नाही.

नागपुरात घोडे कुठे अडते

पाम म्हणजे उष्ण प्रदेशातले झाड, मग नागपूरच्या उन्हात ते जोमाने का वाढू नये, असे अनेकांना वाटते. उष्णता आणि कोरडेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. रॅफिस किंवा अरेका ज्या प्रदेशांतून आले, तिथे हवा उष्ण असली तरी ओली असते. आपल्या एप्रिल-मे महिन्यातल्या कोरड्या वाऱ्यात मुळे जेवढे पाणी पुरवू शकतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडू लागते, तेव्हा पाने आपली सूक्ष्म छिद्रे बंद करून घेतात. छिद्रे बंद म्हणजे हवा आत येणे बंद, आणि हवा बंद म्हणजे अन्न तयार होणे बंद. डिसेंबर-जानेवारीत थंडीमुळे वाढ मंदावते. उरतो तो जुलै ते ऑक्टोबरचा काळ आणि फेब्रुवारी-मार्चचे काही आठवडे. कोकणात वर्षभर चालणारे काम विदर्भात पाच-सहा महिन्यांत उरकायचे असते, हे लक्षात घेतले तर आपल्या पामकडून ठेवायच्या अपेक्षाही बदलतात.

दुसरी अडचण मातीची आहे. शहराच्या मोठ्या भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडून आकसते, आणि या ओढाताणीत कोवळी मुळे तुटतात. अशा मातीत खोल खड्डा करून त्यात भुसभुशीत खतमाती भरली, तर तो खड्डा पावसाळ्यात चक्क हौद होतो, कारण आजूबाजूची चिकण माती पाणी झिरपू देत नाही. काकूंच्या पामच्या पहिल्या जागी नेमके हेच झाले होते. त्यापेक्षा जमिनीवर वीत-दीड वीत उंच, पसरट वरंबा करावा, काळ्या मातीत मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि पाम त्या उंचवट्यावर लावावा. बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचे आच्छादन पसरले तर भेगा कमी पडतात. फक्त ते आच्छादन बुंध्याला चिकटू देऊ नये.

काळ्या मातीत चुन्याचे खडे असतात आणि ती अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची असते. अशा मातीत लोह आणि मँगनीज असूनही मुळांना ते विरघळलेल्या रूपात मिळत नाहीत. कपाटात धान्य आहे पण किल्ली हरवली आहे, अशी अवस्था होते. म्हणून चुलीची किंवा बंबाची राख पामच्या बुडाशी टाकण्याची जुनी सवय इथे सोडून द्यावी, कारण राखेने हा गुण आणखी वाढतो.

पाण्याविषयी एक खास नागपुरी गोष्ट सांगायला हवी. मार्च संपता संपता घरोघरी कूलर लागतात आणि टाकीत उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून ते कुंड्यांना घातले जाते. हेतू उत्तम आहे, पण कूलर पाण्याची वाफ करतो आणि क्षार मागे ठेवतो. त्यातून टाकी बोअरच्या पाण्याने भरलेली असेल, तर तळाचे पाणी मुळातल्यापेक्षा किती तरी खारट झालेले असते. ते सतत मिळाले की रॅफिसच्या पानांची टोके आधी तपकिरी होतात आणि मग काठ करपतात. हे पाणी फरशी धुवायला वापरावे. कुंडीतल्या पामला महिन्यातून एकदा तळाच्या भोकातून पाणी वाहून जाईपर्यंत साधे पाणी द्यावे, म्हणजे साठलेले क्षार निघून जातात. पावसाळ्यात एक-दोन सरींत कुंडी बाहेर ठेवली तरी हेच काम होते. पाम थेट कूलरच्या झोतात मात्र ठेवू नये. हवा ओलसर असली तरी तो वारा पानांना दिवसभर झोडपत राहतो.

उन्हाळ्यात अंगणातल्या पामला रोज तांब्याभर पाणी शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा खोलवर मुरेल इतके पाणी द्यावे. कुंडीत बोट घालून पाहावे आणि वरचा पेराएवढा थर कोरडा लागला तरच पाणी द्यावे. कोवळ्या रोपांवर एप्रिल ते जून हिरवी जाळी बांधावी. सावलीत वाढलेला पाम एकदम उन्हात नेऊ नये, कारण करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही.

पिवळी पाने काढली तर जोर वर जाईल ना?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो, आणि त्यामागे सज्जड अनुभव आहे. टोमॅटोची, गुलाबाची जुनी पाने आपण काढतो आणि झाड तरतरीत होते. पाममध्ये मात्र खालचे पिवळे पान हे बहुधा झाडाचे बचत खाते असते. पोटॅश किंवा मॅग्नेशियम कमी पडले, की पाम ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतो आणि म्हणून खालची पाने पिवळी पडतात. ते पान आपण कापले, तर झाड त्याच्या वरच्या हिरव्या पानातून काढायला सुरुवात करते. दर महिन्याला कापत गेलो तर दर महिन्याला आणखी एक पान पिवळे होते, आणि आपल्याला वाटते की रोग पसरतो आहे.

त्यात पामचा हिशेब मुळातच तंग असतो. निरोगी पाम आपल्या जातीनुसार साधारण ठरावीक संख्येची पाने एका वेळी बाळगतो. ज्याला वर्षाला चार-पाचच पाने येतात, त्याची तीन पाने कापणे म्हणजे त्याची सात ते नऊ महिन्यांची कमाई हिरावणे आहे. म्हणून पूर्ण तपकिरी होऊन वाळलेले पानच कापावे. टोक तेवढेच करपले असेल तर करपलेला भाग कात्रीने पानाच्या मूळ आकारात उतरवावा आणि कडेला तपकिरी रेघ राहू द्यावी. हिरव्यात कात्री गेली की तो काठ पुन्हा वाळतो. वादळापूर्वी किंवा लग्नसमारंभापूर्वी पाम सोलून, शेंड्याला शेंडीएवढी पाने ठेवण्याची जी पद्धत आवारांमध्ये दिसते, ती पामला वर्षानुवर्षे अशक्त करणारी आहे.

कोणत्या पानावर काय दिसते, यावरून कमतरता ओळखता येते. खालच्या जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके आणि करपलेली टोके असतील तर पोटॅशची शंका घ्यावी. जुन्या पानाचा मधला भाग हिरवा आणि काठाने रुंद पिवळा पट्टा असेल तर मॅग्नेशियमची. उलट जुनी पाने ठीक असून नवे पानच फिकट निघत असेल तर लोहाचा प्रश्न आहे, आणि नवे पान खुरटे, चुरगळलेले, जळल्यासारखे निघत असेल तर मँगनीजचा. हा शेवटचा प्रकार गंभीर आहे, कारण त्याने कोंबच मरू शकतो. नव्या पानांवर दिसणाऱ्या या दोन्ही प्रकारांत मातीत पाणी साचते का आणि पाम खोल लावला गेला आहे का, हे खताआधी तपासावे. गुदमरलेली मुळे दिलेले खतही उचलत नाहीत.

मग खत दुप्पट केले तर?

भुकेल्या माणसाला जेवण दिले तर तो तरतरीत होतो, पण लहान मुलाला दुप्पट जेवण दिल्याने ते दुप्पट वेगाने मोठे होत नाही. पामची वाढ खुरटलेली असेल तर खताने ती मूळ गतीवर येते. त्या गतीच्या पलीकडे खत तिला नेऊ शकत नाही. नुसता युरिया तर घातकच ठरतो. नत्र मिळाले की पाम नवी पाने काढायला धावतो, त्यांना पोटॅश लागते, ते जमिनीतून मिळाले नाही तर जुन्या पानांतून ओढले जाते, आणि आधीचीच कमतरता चिघळते. अति टंचाईत खोड वरच्या बाजूला पेन्सिलच्या टोकासारखे निमुळते होत जाते. पुढे कितीही चांगले दिवस आले तरी खोडाचा तो भाग पुन्हा जाड होत नाही, कारण जाडी वाढवणारा थरच तिथे नाही.

आपल्या काळ्या मातीत पोटॅशचा साठा सहसा बरा असतो, त्यामुळे जमिनीतल्या पामला त्याची चणचण कमी जाणवते. कुंडीचे तसे नसते, तिथे रोजच्या पाण्याबरोबर पोटॅश वाहून जाते. म्हणून कुंडीला पोटॅश अधिक, स्फुरद (फॉस्फरस) कमी आणि सोबत मॅग्नेशियम असलेले, सावकाश विरघळणारे खत द्यावे. पावसाळा स्थिरावल्यावर एकदा आणि फेब्रुवारीच्या मध्यावर एकदा, पाकिटावरील मात्रेपेक्षा थोडे कमीच, एवढे रॅफिससारख्याला पुरते. मे महिन्यात आणि कडाक्याच्या थंडीत खत देऊ नये. त्या वेळी मुळे ते घेत नाहीत आणि क्षार तेवढे साठतात.

मोठाच पाम आणून लावला तर?

वेळ वाचवण्याचा हा मार्ग पैसेवाल्या सोसायट्यांना नेहमी सुचतो. पामची मुळे कडुनिंबाच्या मुळांसारखी जाड होत जात नाहीत. खोडाच्या तळाशी एक पट्टा असतो आणि तिथून दोरीएवढी शेकडो मुळे सुटतात. मूळ तोडल्यावर काय होते हे जातीवर अवलंबून असते. नारळाच्या तोडलेल्या मुळांपैकी निम्म्याच्या आसपास मुळांना पुन्हा फाटे फुटतात, तर अमेरिकेतल्या सबाल पामची तोडलेली मुळे जवळजवळ सगळी मरतात आणि त्याला तळापासून नव्याने मुळे काढावी लागतात. त्यातही ज्या पामचे खोड अजून वर आलेले नाही, त्याचा मुळे काढणारा पट्टा पुरता तयार नसतो, म्हणून असा अर्धवट वाढलेला पाम हलवणे सर्वांत धोक्याचे. बिस्मार्किया आणि ताड यांची जागा बदलणे मी कुणालाही सुचवणार नाही. खोड दिसू लागलेला, कुंडीत किंवा पिशवीत वाढवलेला पाम जुलैमध्ये मुळांचा गड्डा न फोडता लावणे, हा त्यातला सुरक्षित मार्ग आहे.

मोठे झाड उभे करताना आणखी एक चूक हमखास होते. ते हलू नये म्हणून हातभर अधिक खोल पुरतात. आमच्या ओळखीच्या एका आवारात सहा पाम असेच खोल पुरले गेले. पहिली दोन वर्षे ते हिरवे राहिले आणि नंतर एकेक करून नवी पाने फिकट, आखूड निघत चार झाडे गेली. मुळांच्या पट्ट्यावर मातीचा थर चढला, की मुळांना हवा मिळत नाही. कुंडीत ज्या पातळीवर माती होती, त्याच पातळीवर पाम लावावा आणि आधाराला बांबूच्या टेकू द्याव्यात.

किडींबाबत थोडक्यात सांगतो. उकिरड्यात आणि शेणखताच्या ढिगात वाढणारा गेंड्या भुंगा कोंबात शिरतो आणि मग उमललेल्या पानांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात, म्हणून खताचा ढीग पामजवळ ठेवू नये. सोंड्या भुंगा ताज्या जखमेच्या वासाने येतो, हे हिरवी पाने न कापण्याचे दुसरे कारण. घरातल्या पामवर खवले कीड आणि उन्हाळ्यात लाल कोळी येतात. पाने दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसत राहिले तर बहुतेक वेळा औषधाची वेळ येत नाही.

वाढ मोजायची तर पाने मोजावीत

संथ पामची उंची मोजणे व्यर्थ आहे. गुढीपाडव्याला सर्वांत नव्या, मिटलेल्या पानाच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधावा आणि पुढच्या पाडव्याला त्या दोऱ्याच्या वर किती पाने आली ते मोजावे. पाने आधीपेक्षा मोठी आणि त्यांचे देठ आधीपेक्षा रुंद असतील, तर झाड नीट वाढते आहे, मग उंची तीच का असेना. काकूंच्या पामला यंदा पाडव्याला आम्ही निळा दोरा बांधला आहे आणि युरियाची पिशवी त्यांनी गुलाबांकडे वळवली आहे.

वयाचा प्रश्न कायद्यातही येतो

महाराष्ट्रात शहरांतली झाडे १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली येतात. २०२१ मध्ये त्यात बदल होऊन पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानण्याची तरतूद आली, आणि झाड तोडायचेच असेल तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. म्हणजे झाडाचे वय हा आता केवळ कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. कडुनिंबाचे किंवा चिंचेचे वय वर्तुळांवरून वा खोडाच्या घेरावरून अंदाजता येते. पामला वर्तुळे नसतात आणि त्याचा घेर विसाव्या वर्षी असतो जवळपास तेवढाच साठाव्या वर्षीही असतो, त्यामुळे या दोन्ही रीती त्याला लागू पडत नाहीत. गळालेल्या पानांचे वण मोजून त्यांना वर्षाला येणाऱ्या पानांच्या संख्येने भागले तर ढोबळ उत्तर मिळते, पण जमिनीखाली गेलेली सुरुवातीची वर्षे त्यात धरली जात नाहीत, आणि ताडासारख्या झाडात ती वर्षे थोडीथोडकी नसतात. घेरावर वय ठरवले तर जुना, बारीक खोडाचा पाम तरुण ठरेल.

जुन्या बंगल्यांच्या आवारांत, महाविद्यालयांत, देवळांसमोर जे पाम उभे आहेत त्यांच्या वयाचा पुरावा म्हणून जुनी छायाचित्रे आणि जाणत्या माणसांच्या आठवणी एवढेच हाती उरते, तेव्हा ती छायाचित्रे तारीख घालून जपावीत. नव्याने लावलेल्या पामसाठी सोसायटीच्या वहीत एक पान राखून ठेवावे आणि त्यावर जात, लावल्याची तारीख, त्या दिवशीची पानांची संख्या आणि खोड पहिल्यांदा जमिनीवर दिसले ते वर्ष लिहावे.